मे महिन्यातली मधली सुट्टी

मे महिना लागला की खांदा कॉलनीत दोन आवाज हमखास येतात. सकाळी करवंदं-जांभळं विकायला येणाऱ्या बायकांची हाक, आणि ती पुढच्या गल्लीत जाते न जाते तोच कुणाच्या तरी फ्लॅटमधली ड्रिल मशीनची घरघर. पोराबाळांना गावाला धाडलं की माणसं घराच्या भिंती फोडायला घेतात. यंदा आमच्या डोक्यावरच्या बिऱ्हाडाने बाथरूम काढलंय. समोरच्या वहिनी कानात कापसाचे बोळे घालून बसतात आणि मला विचारतात, "तुम्हाला कसं सहन होतं हो हे, बाई?" मला सहन होत नाही, मला आवडतं. जुन्या टाइलच्या खालच्या ओलसर सिमेंटचा वास जिन्यातून खाली आला की मी दार मुद्दाम उघडं टाकते. वहिनींना वाटतं, निवृत्तीनंतर बाईंचं जरा बिनसलंय.

बिनसलं आहे खरं, पण निवृत्तीच्या पुष्कळ आधी, एका मे महिन्यात.

तेव्हा मी जुन्या पनवेलात, तळ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. खारघरला दर महिन्याला एक नवा टॉवर डोकं वर काढत होता आणि आमची शाळा होती तिथे, होती तशीच उभी होती. तळमजला आणि वर दोन मजले. सगळ्यात वर आठवी, नववी, दहावीचे वर्ग. त्या मजल्यावर रस्त्याकडच्या कोपऱ्यात मुलींचं स्वच्छतागृह होतं, म्हणजे दारावर तशी पाटी होती. आत नळही होते. नळाला पाणी तेवढं नव्हतं. मी स्वतः याच शाळेत शिकले. मी शिकत होते तेव्हाही नव्हतं. खाली तळमजल्यावर होतं, पण तिथली रांग मधली सुट्टी संपली तरी संपत नसे.

पाचवीत आल्या आल्या मोठ्या मुलींनी आम्हाला एक विद्या दिली होती. सकाळी चहा अर्धाच कप. मग घरी जाईपर्यंत घसा ओला करायचा नाही. डब्यात लोणचं आणायचं नाही, तहान लागते. फारच झालं तर तळमजल्यावरच्या नळावर चूळ भरायची, पण गिळायचं नाही. हे कुणी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं, तरी एकही मुलगी त्यात कधी नापास झाली नाही. मी तर ते इतकं पक्कं शिकले की पुढे त्याच शाळेत बाई म्हणून आले तरी सुटलं नाही. शिक्षकखोलीतल्या आम्ही सगळ्या बायका तशाच. टेबलावर पाण्याचा जग सकाळी भरून यायचा आणि संध्याकाळी शिपाई तो तसाच तुळशीच्या कुंडीत ओतायचा. आमची तुळस भलतीच जोमात होती. मला मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "बाई, पाणी किती पिता?" मी म्हटलं, "रविवारी भरपूर." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

त्या वर्षी निकालाच्या दिवशी वंदना मला भेटायला आली. वंदना मासळी बाजारात बसायची. तिची मुलगी प्रणाली आठवीतून नववीत गेली होती. अबोल पोर, पण प्रयोगवहीतल्या आकृत्या अशा काढायची की मी त्या दुसऱ्या वर्गांत नेऊन दाखवत असे. वंदनाने प्रगतिपुस्तक उघडूनही पाहिलं नाही. पिशवीतून मुलीची पाण्याची बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"बाय, ही बघा. सकाली भरून देते नि सांजच्याला भरलेलीच परत येते. वरसात दोनदा दवाखान्यात नेली हिला, लघवीला आग होते म्हनून. डाक्टर बोलतो पानी पाजा. पोर बोलते, पानी प्यालं तर जाऊ कुठं?" ती माझ्याकडे रोखून बघत होती. "आता जूनला हिला पाठवू का नको, ते तुमीच सांगा. नायतर माझ्यासंगती बाजारात बसंल. तितं निदान पानी हाय."

मी बाटली उचलून पाहिली. मग म्हटलं, "जूनला वरच्या मजल्यावर पाणी येईल."

हे मी कुठल्या अधिकाराने बोलले, देव जाणे. पण बोलले, आणि वंदना ते ऐकून निघून गेली.

योग असा, की त्याच सुट्टीत शाळेचं नूतनीकरण ठरलेलं होतं. माजी विद्यार्थ्यांनी मदत उभी केली होती आणि कमिटीने यादी केली होती: प्रवेशद्वाराला कमान, दर्शनी भिंतीला रंग, शाळेचं नाव पितळी अक्षरांत. त्या बैठकीला शिक्षकांतर्फे मला बसवलं होतं, ते फक्त माना डोलावायला. मी विचारलं, "कमानीखालून मुली आत आल्यावर त्यांनी जायचं कुठे?" अध्यक्ष समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले. आमचे मुख्याध्यापक लिमये सर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला सज्जन आणि भित्रा माणूस, वर पंख्याकडे बघू लागले. आणि त्याच क्षणी पंखा मंदावला. खाली शिपायाने पाण्याचा पंप सुरू केला होता. पंप लागला की आमच्या शाळेतले सगळे पंखे दमून जायचे. वर्गात मुलं कुजबुजायची, "पंप." त्या बैठकीतही मीच ते कुजबुजले, आणि अध्यक्षांना हसू आलं. त्या हसण्यात कमान पुढल्या वर्षावर गेली. रंग आणि पितळी अक्षरं यादीत राहिली, पण आधी पाइप, पंप आणि वायरिंग असं ठरलं. हे सगळं बघायचं कुणी, तर म्हात्रेबाईंनी, म्हणजे मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माहेरी जायचं तिकीट मी परत केलं आणि मेची पहिली तारीख उलटली तशी रोज सकाळी आठला शाळेत हजर राहू लागले.

रिकामी शाळा कशी असते ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. बाकं व्हरांड्यात एकावर एक रचलेली. वर्गात बोललं तर आपलाच आवाज परत येतो. बाहेर ऊन असं, की तळ्याकडे बघवत नाही, आणि हवेत खाडीचा चिकटपणा. सिमेंटची धूळ घामावर बसून दुपारपर्यंत आमच्या सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे होत. त्या धुळीत मी पोळीभाजी खाल्ली, पाठ टेकून झोप काढली, आणि खरं सांगते, इतकी मजा मला तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कुठल्या सुट्टीत आली नाही.

विजेचं काम अनीसभाईंकडे होतं. मोहल्ल्यात त्यांचं दुकान होतं, बोटं लांबसडक आणि बोलणं अत्तरासारखं. त्यांनी पहिल्याच दिवशी मुख्य स्विचबोर्ड उघडला आणि मला हाक मारली. "बाई, जरा इकडे या. हे वायरिंग नाही. ही अल्लाची मेहेरबानी आहे. इतकी वर्षं शाळा जळली नाही, शुक्र माना." लाकडी पट्टीतून वायर बाहेर काढली तर वरचं रबर बोटांत भुगा होऊन आलं. फ्यूजच्या जागी कुणीतरी चांगली जाडजूड तार गुंडाळलेली. "हे कुणी केलं असेल?" त्यांनी हळहळून विचारलं. स्नेहसंमेलनात मुलींच्या नाचाच्या ऐन मध्यात दिवे जायचे, म्हणून ती तार कुणाच्या हुकमावरून बसली होती, ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही. माझ्याच.

पाण्याचं काम परशुरामदादाकडे. तो बेलपाड्याचा. त्याच्या वडलांची भातशेती खारघरच्या शहरात गेली आणि त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या टॉवरांत परशुरामदादा पाइप टाकत होता. कामाला पक्का आणि तोंडाने त्याहून पक्का. मी मध्ये मध्ये नाक खुपसायला लागले की म्हणायचा, "बाय, तुमी इग्यान शिकवा, आमी पाइप टाकतो. दोगांनी एकच काम केलं तर शाला कई उघडंल?"

पण एक प्रश्न त्याने मला मान देऊन विचारला होता. कामाच्या पहिल्याच दिवशी, खिशातली छोटी डायरी काढून. "कनच्या माल्यावर किती पोरी जातान, ते सांगा. त्यावर पाइप ठरतो."

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी जणू जय्यत तयार होते. मार्चमध्ये आठवडाभर, रोज मधल्या सुट्टीत, मी स्वच्छतागृहासमोरच्या व्हरांड्यात उभी राहून मोजलं होतं. वही आखली होती, वार लिहिले होते, सरासरी काढली होती. विज्ञानाची बाई आहे मी, अंदाजपंचे बोलायची नाही. "वरच्या मजल्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या," मी ऐटीत सांगितलं. "जास्तीत जास्त दहा. खाली पुष्कळ जास्त." त्याने डायरीत दहा लिहिले. मला माझ्याच काटेकोरपणाचं इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी मी सगळ्यांना लिंबू सरबत पाजलं. स्वतः अर्थातच प्यायले नाही.

विसाव्या तारखेपर्यंत काम बघण्यासारखं झालं. वरच्या स्वच्छतागृहात पांढऱ्या फरशा, दारांना आतून लागणाऱ्या कड्या, भिंतीत हवा ओढणारा पंखा. प्रत्येक मजल्यावर नळांची रांग. गच्चीवर नवी टाकी, खाली नवा पंप. बाहेर रंगारी दर्शनी भिंतीवर फिकट पिवळ्याचा शेवटचा हात मारत होते आणि पितळी अक्षरं कागदात गुंडाळून लिमये सरांच्या खोलीत येऊन पडली होती. सर रोज एकदा कागद सोडून ती बघत.

परशुरामदादाने एकेक नळ सोडून दाखवला. प्रत्येकाला झकास धार. "झालं," तो म्हणाला.

"झालं कसं?" मी म्हटलं. "शाळेत एक नळ एकटा कधी चालतो का? घंटा होते आणि वीस मिनिटांत सगळी शाळा एकदम तुटून पडते. आपण मधली सुट्टी करून बघू."

"खारघरला सात माल्याच्या बिल्डिंगला मी अशीच लाइन टाकली हाय बाय. कुनाची तक्रार नाय."

"तिथे सगळे एकाच वेळी आंघोळीला बसतात का?"

हे त्याला पटलं. अडचण वेगळीच होती. मेचा शेवट, गावात पाणी एक दिवसाआड. तिन्ही मजल्यांचे नळ सोडून टाकी नाल्यात रिकामी केली असती तर लोकांनी आम्हाला शाळेसकट तळ्यात बुडवलं असतं. हा पेच सोडवला वंदनाने. ती काम कुठवर आलं ते बघायला दर दोन दिवसांनी बाजारातून परस्पर यायची, तेव्हा तिच्या कानावर गेलं. "पानी सांडता कशाला?" ती म्हणाली. "आमी हंडे घेऊन येतो. तुमची परीक्षा व्हईल नि आमचं पानी भरंल."

आणि आल्या की. ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला मागच्या आळीतल्या, कोळीवाड्यातल्या, मोहल्ल्यातल्या बायका हंडे, कळशा, बादल्या, रंगाचे धुतलेले डबे घेऊन शाळेच्या फाटकातून आत शिरल्या. कितीतरी जणी याच शाळेत शिकलेल्या. एक म्हणाली, "अगं, हा माझा नववीचा वर्ग." दुसरी म्हणाली, "इथेच मला अंगठे धरून उभं केलं होतं," आणि माझ्याकडे बघून हसली. मी दुसरीकडे बघितलं. प्रत्येक मजल्यावर नळागणिक एक बाई उभी केली. वंदना आणि प्रणाली सगळ्यात वर. अनीसभाईंनी प्रत्येक खोलीतला पंखा, प्रत्येक ट्यूब आणि शेवटी पंप सुरू केला. एकही पंखा दमला नाही. त्यांनी छातीवर हात ठेवून मला सलाम केला. मी शिपायाला मान हलवली आणि रिकाम्या शाळेत, भर मे महिन्यात, मधल्या सुट्टीची घंटा झाली.

पाण्याचा नळ कसा सोडायचा हे मे महिन्यातल्या पनवेलकर बाईला शिकवावं लागत नाही. पहिल्या फटक्यात सगळे नळ पुरते पिळले गेले. तळमजल्यावर हंड्यांत पाणी असं कोसळलं की बायका मागे सरल्या. पहिल्या मजल्यावर करंगळीएवढी धार. मी जिना चढून वर गेले. वर नळ खोकत होते. थोडी हवा, एखादा थेंब, पुन्हा हवा. वंदना हंडा धरून उभी होती आणि हंड्याचा तळसुद्धा ओला झाला नव्हता. प्रणालीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परशुरामदादा माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. मी फाडकन म्हटलं, "हेच तुमचं काम?"

तो रागावला नाही. खिशातून डायरी काढली, पान उलटलं आणि माझ्यासमोर धरलं. "तुमीच सांगितलं ना बाय. वरच्या माल्यावर दहा पोरी. दहा पोरींना पुरंल येवढाच पाइप टाकलाय. खाली जास्त जातान बोललात, म्हनून खाली मोठा दिला."

मी त्या दहाच्या आकड्याकडे बघत राहिले. आकडा खरा होता. मीच मोजला होता, आठवडाभर, व्हरांड्यात उभी राहून. फक्त ज्या दहाजणी जात होत्या त्या मी मोजल्या. ज्या जात नव्हत्या, कारण सकाळपासून त्यांनी घसाच ओला केला नव्हता, त्या माझ्या वहीत कुठेच नव्हत्या. पाणी नाही म्हणून मुली जात नाहीत, आणि मुली जात नाहीत म्हणून मी पाणी थोडं मागितलं. जी विद्या मला पाचवीत मिळाली होती तीच मी सरासरी काढून पाइपात घालून दिली होती. माझ्या बुद्धीला हे सुचलं नाही याची लाज मला आजही वाटते.

"दादा," मी म्हटलं, "चूक माझी. सगळ्या लिहा. वर्गात जितक्या मुली, तितक्या."

त्याने डायरीतला दहा खोडला. मग गच्चीवर गेला, खाली आला, भिंतीवर टकटक करत फिरला आणि म्हणाला, प्रत्येक मजल्याला टाकीतून स्वतंत्र पाइप पाहिजे, वरच्याला सगळ्यात मोठा, आणि टाकी उंच घोडीवर चढवायला हवी. आतून न्यायचं तर सगळ्या नव्या फरशा फोडा, महिना गेला. शाळा उघडायला तीन आठवडे. "दुसरा रस्ता हाय. बाहेरून. रस्त्याकडच्या भितीवरून सरल खाली. पाच दिवसांत देतो."

रस्त्याकडची भिंत म्हणजे दर्शनी भिंत. फिकट पिवळी, कालच सुकलेली, जिच्यावर पितळी अक्षरं लागायची होती ती.

लिमये सर खाली अंगणात हात मागे बांधून येरझारा घालत होते. मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "अहो बाई, उद्घाटनाला अध्यक्ष येणार. शाळेच्या नावाशेजारून पाइप? लोक काय म्हणतील? पुढल्या वर्षी करू की आतून, नीट." पुढल्या वर्षी हा शब्द मी त्या शाळेत पाचवीपासून ऐकत आले होते. मी भांडणार होते. तोंडावर आलंही होतं. पण का कोण जाणे, मी एवढंच म्हटलं, "सर, एकदा वर येऊन बघा."

ते आले. त्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहात सर त्यांच्या सगळ्या नोकरीत कधी गेले नव्हते, जाण्याचं कारणही नव्हतं. दारात ते क्षणभर अडखळले, मग आत आले. खाली बायकांचे नळ अजून चालूच होते. सरांनी वरचा एक नळ सोडला. हवा. दुसरा सोडला. तिसरा सोडला. तिथे कोपऱ्यात वंदना रिकामा हंडा घेऊन अजून उभी होती. सरांनी तिच्या हंड्यात वाकून पाहिलं. मग चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. "तुम्ही इथे शिकलात का?" त्यांनी तिला विचारलं.

"सातवीपरेंत," वंदना म्हणाली. "मंग वरचा माला आला."

सरांनी चष्मा लावला. "परशुराम," ते म्हणाले, "पाइप पुढूनच येऊ दे. आणि बारीक नको."

पुढचे पाच दिवस मला आठवतात ते आवाजांनीच. परातीवर फावडं घासल्याचा, बांबूच्या परांचीवर चढणाऱ्यांच्या हाका, गच्चीवर लोखंडी घोडी ओढताना निघालेली किंकाळी. न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रक सिग्नलला थांबले की ड्रायव्हर मान बाहेर काढून बघायचे, नव्या कोऱ्या भिंतीला ही माणसं भोकं का पाडतायत म्हणून. वंदना रोज दुपारी सुकटीची चटणी आणि भाकरी आणायची. अनीसभाई परशुरामदादाला चिडवायचे, "आमची बिजली तर पास झाली, तुमचं पाणी सप्लिमेंटरीला बसलं," आणि मग स्वतःच शिडी धरून उभे राहायचे. दोघांच्या गप्पा रंगल्या की काम थांबतंय अशी मला भीती वाटे, पण हात कुणाचाच थांबत नव्हता. मी रोज विचारायचे, "झालं का?" आणि परशुरामदादा रोज तेच सांगायचा, "व्हतंय बाय, पोरींची मोजनी वाढली ना."

मेच्या शेवटच्या दिवशी पुन्हा बायका आल्या. या वेळी जास्त आल्या, कारण बातमी फुटली होती की शाळेत पाणी मिळतं. मी खाली थांबले नाही. आधीच वर जाऊन वंदनाच्या शेजारी उभी राहिले. माझ्या हातातही एक कळशी होती, शेजारणीची मागून आणलेली. प्रणाली नळावर हात ठेवून घंटेची वाट बघत होती. घंटा झाली. खालून तळमजल्याचा गलका आला, मग पहिल्या मजल्याचा. आमच्या नळांनी एकदा खोकल्यासारखं केलं. आणि मग पाणी आलं. सगळ्या रांगेतून, एका वेळी, मनगटाएवढं, फरशीवर उडणारं, साडीचे काठ भिजवणारं पाणी. हंड्यांच्या तळाशी ते आधी दणदणलं आणि मग भरत भरत त्याचा आवाज खोल होत गेला. मग कुणीतरी हसलं आणि तो मजला हसण्याने भरून गेला. वंदनाचा हंडा काठोकाठ भरून वाहू लागला तरी तिने नळ बंद केला नाही. मीही तिला सांगितलं नाही. मी रडत होते, आणि पाणी सगळीकडे उडत असल्याने ते कुणाला कळलं नसावं.

खाली उतरले तेव्हा परशुरामदादा दर्शनी भिंतीवरच्या तीन जाड पाइपांना कान लावून उभा होता. आतून पाणी धावत होतं. त्याने मलाही खुणावलं. मी कान लावला. पाइप गार होता.

उद्घाटनाला अध्यक्ष आले, फीत कापली, वर मान करून पितळी अक्षरं वाचली आणि त्यांच्या शेजारून खाली येणारे तीन पाइप बघून थबकले. "हे काय लिमये?"

"पाणी आहे, साहेब," आमचे भित्रे लिमये सर म्हणाले. "चाखून बघता?"

ते पाइप अजून तिथेच आहेत. आतून नेऊ असं पुढे दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा राहिलं. जुन्या पनवेलात भाजीला गेले की मी मुद्दाम त्या रस्त्याने येते. त्यांच्यावर आता शाळेच्या भिंतीचाच रंग चढलाय, पण मला ते लांबूनही दिसतात.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या मधल्या सुट्टीत वरच्या मजल्यावर इतका गोंधळ झाला की एरवी मी छडी आपटत गेले असते. मुली रांगेत धक्काबुक्की करत होत्या, एकमेकींवर पाणी उडवत होत्या, दारांच्या कड्या उगीचच लावून काढून बघत होत्या. मी व्हरांड्यातल्या माझ्या जुन्या जागी उभी राहिले, सवयीने बोटांवर मोजायला लागले आणि थोड्याच वेळात मोजणं सोडून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात वंदना आली. डोक्यावर टोपली, बाजाराची घाई. फाटकातूनच तिने मला हाक मारली. "बाय, एक इचारायचं व्हतं. पोर बोलते बाटली छोटी पडते. दुपारलाच खाली व्हते. मोठी घेऊन देऊ का?"

"मोठी दे," मी म्हटलं. ती थांबली नाही, मासळी उन्हात होती.

मी शिक्षकखोलीत आले. टेबलावर जग होता, सकाळी भरलेला, तसाच. बाकीच्या बाया तासांवर गेल्या होत्या. मी ग्लास भरला आणि उभ्यानेच प्यायले. मग दुसरा भरला, तोही प्यायले. मग तिसरा. शाळेच्या इमारतीत, शाळेच्या वेळात, पाचवीपासून पहिल्यांदा.

त्या दिवशी नववीच्या तासाला मी उशिरा पोचले. तोवर कधी एक मिनिट इकडचं तिकडे झालं नव्हतं. वर्ग उठून उभा राहिला आणि पहिल्या बाकावरून प्रणालीने विचारलं, "बाई, उशीर का झाला?"

"वर पाणी आलंय ना," मी म्हटलं, आणि सगळा वर्ग हसला.